दादाच्या हातावर ऐकलेली 'शक्ती'

"काका, बाबांचं तिकीट काढण्यात काय अर्थ आहे? त्यांना तर ऐकूच येत नाही."

पुतण्याचा बंगळूरहून हा फोन आला तेव्हा मी मिरजेला आमच्या घराच्या ओसरीवर बसलो होतो. २०२३ साल नुकतंच लागलं होतं. 'शक्ती' या वाद्यवृंदाला पन्नास वर्षं होत होती. त्यानिमित्त ही मंडळी जगभर फिरणार होती आणि भारतातल्या त्यांच्या मैफलींत जानेवारीत बंगळूरचं नाव होतं. तिकिटं चांगलीच महाग होती. पुतण्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. मला काय उत्तर द्यावं कळेना. तेवढ्यात पलीकडून वहिनींचा आवाज आला, "तीन तिकिटं काढ. ऐकू येवो न येवो, ते जाणार. पंचेचाळीस वर्षं वाट बघतायत."

विषय तिथेच संपला.

एक तबकडी आणि दोन भाऊ

वहिनींचा हिशेब बरोबर होता. माझा दादा १९५१ चा, म्हणजे झाकीर हुसेन यांच्याच वर्षी जन्मलेला. मी त्याच्याहून पाच वर्षांनी धाकटा. मिरजेत तंबोरे-सतारी करणाऱ्यांच्या दुकानांवरून आम्ही शाळेत जायचो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गावात वाढलेल्या मुलांनी गाणंबजावणं शिकू नये, असं कुणी म्हणत नसे. आम्ही दोघं तबला शिकलो. दादाचा हात तयार होता. माझा यथातथाच.

१९७४ मध्ये दादाला बंगळूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि तो तिकडचाच झाला. १९७८ च्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा ट्रंकेत धोतरांच्या घडीत एक लाँग प्ले तबकडी होती. आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नव्हता. समोरच्या डॉक्टरांकडे जाऊन आम्ही ती लावली. वडीलही आले.

जॉन मॅकलॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकाची गिटार, एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम् आणि रामनाद राघवन यांचा मृदंगम्. १९७५ च्या जुलैत अमेरिकेतल्या एका कॉलेजात झालेली ती मैफल होती. या साहेबानं खास गिटार बनवून घेतली होती. नेहमीच्या तारांखाली तिरक्या बसवलेल्या सात तारा, आपल्या सतारीच्या तरफांसारख्या झंकारणाऱ्या. पहिली पाच मिनिटं वडील नाक मुरडून बसले. मग त्यांच्या चपलेचा अंगठा हलायला लागला. तबकडी संपल्यावर म्हणाले, "पळतात फार. पण समेवर येतात हो सगळे."

त्या दिवसापासून दादाला एकच ध्यास, हे लोक समोर बसून ऐकायचे. पण पहिली 'शक्ती' तीन तबकड्या काढून १९७८ च्या सुमारास पांगलीच होती. पुढे १९९७ मध्ये ती नव्यानं उभी राहिली. मँडोलिनवर यू. श्रीनिवास आले, विक्कूंच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश आला. २००० साली मुंबईत त्यांची मैफल झाली, तर दादाला रजा मिळाली नाही. २०१४ मध्ये श्रीनिवास अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले तेव्हा दादा फोनवर एवढंच म्हणाला, "राहून गेलं बघ."

त्यानंतरच्या वर्षांत दादाचे कानही गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी नातवंडांचं बोलणं कळेना, मग दाराची घंटा, मग टीव्हीवरच्या बातम्या. श्रवणयंत्र आलं. त्यानं बोलणं कळू लागलं, पण गाणं बिघडलं. ही यंत्रं मुळात माणसाचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून घडवलेली. मोठा आवाज आला की ती तो दाबतात, बारीक आवाज उचलतात. तंबोऱ्याचा जोड त्यातून ऐकणं म्हणजे पत्र्यावर पाऊस ऐकणं, असं दादा सांगायचा. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात हौसेनं साथीला बसणाऱ्या माणसानं तबल्यावर गवसणी घातली ती कायमची.

राणी चन्नम्मानं बंगळूर

मिरजेहून दुपारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघालं की दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूर येतं. या गाडीचा रस्ता मला फार आवडतो. बेळगाव, धारवाड, हुबळी ही नुसती स्टेशनं नाहीत. धारवाड मल्लिकार्जुन मन्सूरांचं, हुबळी गंगूबाई हनगलांची. भीमसेनजी गदगकडचे, त्यांचे गुरू सवाई गंधर्व कुंदगोळचे आणि सवाई गंधर्वांचे गुरू आमचे मिरजेचे खाँसाहेब. मराठी कुठे संपते आणि कानडी कुठे सुरू होते, हे त्या रुळांवरून जाताना सांगता येत नाही.

हुबळी मागे पडली की मात्र गाणं बदलतं. तुमकूर येईपर्यंत आपण दुसऱ्या संगीताच्या प्रदेशात आलेलो असतो.

दादा राजाजीनगरला राहतो. मैफलीच्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला, "चल, तुला माझी शाळा दाखवतो." मेट्रोनं आम्ही कृष्णराजेंद्र मार्केटला उतरलो. फुलांच्या ढिगांतून वाट काढत, टिपूच्या उन्हाळी महालाजवळून चामराजपेठेतल्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानापाशी आलो. जानेवारीत ते मैदान अगदी साधं दिसतं. पण इथे रामनवमीच्या सुमारास मोठा मांडव पडतो आणि अनेक दिवस रोज संध्याकाळी गाणं चालतं. श्री रामसेवा मंडळीचा हा उत्सव १९३९ मध्ये एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी सुरू केला. एम. एस. सुब्बुलक्ष्मी इथे गायल्या, आपले भीमसेनजीही गायले. रामनवमीला इकडे गुळाचं पानक, मुगाच्या डाळीची कोसंबरी आणि ताक देतात. दादा या शहरात नवा होता, खोलीवर एकटा राहायचा, तेव्हा संध्याकाळी कुठे जायचं हा प्रश्न या मांडवानं सोडवला.

"इथे मी ताल पाहायला शिकलो," तो म्हणाला.

"ऐकायला म्हण."

"नाही. पाहायला."

मग त्यानं तिथे उभ्या उभ्याच मला दाखवलं. आपल्याकडे श्रोता फार तर मान हलवतो, समेवर 'वाहवा' म्हणतो. इथला श्रोता ताल हातावर धरून बसतो. आदिताल आठ मात्रांचा. मांडीवर तळहाताची एक टाळी, मग करंगळी, अनामिका आणि मधलं बोट एकेक टेकवायचं. या झाल्या चार. पुढे टाळी आणि पालथा हात, पुन्हा टाळी आणि पालथा हात. झाल्या आठ. गायक कितीही लांब फिरून आला तरी शेकडो मांड्यांवर हा हिशेब चालूच असतो. दादा पहिल्यांदा आला तेव्हा शेजारी बसलेल्या एका आजोबांनी, भाषा कळत नसताना, त्याची बोटं धरून त्याला हे शिकवलं होतं.

"अख्खा मांडव एकदम टाळीवर येतो, तेव्हा कसं दिसतं माहीत आहे? वाऱ्यानं पिकातून लाट जावी तसं."

मी त्याचं बोलणं ऐकत होतो, पण त्याचं महत्त्व मला रात्रीच कळलं.

ठरलेलं काहीच नसतं

अमेरिकेत 'जॅम बँड' म्हणून एक प्रकार आहे. त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव 'ग्रेटफुल डेड'. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेला हा बँड एकेक गाणं मनाला येईल तेवढं लांबवायचा. आजची मैफल कालच्यासारखी कधीच नसायची. म्हणून त्यांचे चाहते त्यांच्यामागे गावोगाव फिरायचे, ध्वनिमुद्रणं करून एकमेकांना द्यायचे आणि बँड त्यांना तसं करू द्यायचा. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. काल गायलेला यमन आज तसाच गाणारा गवई आपल्याला चालतच नाही. 'ग्रेटफुल डेड'चे ढोलवादक मिकी हार्ट आणि झाकीरभाई यांची घट्ट मैत्री होती. हार्ट यांच्या ज्या 'प्लॅनेट ड्रम'ला विश्वसंगीताचं पहिलं ग्रॅमी मिळालं, त्यात झाकीरभाईंबरोबर विक्कू विनायकरामही होते. म्हणजे ही सगळी एकाच घरोब्यातली माणसं.

'शक्ती' याच जातीची. चीज ठरलेली, ताल ठरलेला, पुढचं सगळं तिथल्या तिथे. एकानं काही म्हणायचं, दुसऱ्यानं ते उचलून पुढे न्यायचं आणि सगळ्यांनी मिळून समेवर यायचं.

आम्हाला घरापासून कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचायला दीड तास लागला. बंगळूरची रहदारी कशी असते हे मी सांगायला नको. वहिनींनी डब्यात लेमन राईस घेतला होता, तो टॅक्सीतच संपला. संध्याकाळी गारठा होता. दादानं स्वेटरवर मफलर गुंडाळला होता, आणि त्या मफलरखाली कानात यंत्र.

आमच्या खुर्च्या बऱ्याच मागे होत्या. आजूबाजूला गिटारचं चित्र छापलेले टी-शर्ट घातलेली मुलं होती, तशीच कपाळाला विभूती लावलेली आजोबामंडळीही होती. समोरच्याच रांगेत कांजीवरम नेसलेल्या, केसांत मोगरा माळलेल्या एक मामी बसल्या होत्या.

मंडळी मंचावर आली. एक्याऐंशी वर्षांचे मॅकलॉफ्लिन, झाकीरभाई, शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि सेल्वागणेश. शंकर महादेवन तर आपले चेंबूरचे, श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेले, 'कट्यार काळजात घुसली'मधले पंडितजी. त्यांना पाहून वहिनी माहेरचं माणूस दिसावं तशा खुलल्या.

वादन सुरू झालं आणि पाच मिनिटांत दादाचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यानं दोन्ही कानांवर हात घेतले. मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांचा आवाज त्या यंत्रातून नुसता गोंगाट होऊन आत शिरत होता. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. पुतण्याचं म्हणणं खरं ठरत होतं. मी दादाला खुणेनं विचारलं, बाहेर जाऊ या का?

त्यानं मान हलवली. मग शांतपणे एका कानातलं यंत्र काढलं, दुसऱ्या कानातलं काढलं, दोन्ही डबीत ठेवली आणि डबी खिशात टाकली.

मला धस्स झालं. एवढ्या वर्षांची वाट पाहून हा माणूस आता बहिऱ्या कानांनी नुसता बसून राहणार!

सम कुणी दाखवली?

थोड्या वेळानं मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो मंचाकडे बघतच नव्हता. त्याची नजर समोरच्या मामींच्या हातावर होती. मामी मांडीवर ताल धरून बसल्या होत्या. टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट. आणि दादाचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर तेच करत होता. डावा तळवा त्यानं खुर्चीच्या दांड्यावर पालथा टेकवला होता.

मग माझ्या लक्षात आलं. म्हातारपणी ऐकू येणं कमी होतं ते आधी बारीक, वरच्या सुरांचं. व्हायोलिनची वरची पट्टी जाते, खंजिरीची झांज जाते, बोलण्यातले स, श, फ जातात. खर्ज बराच काळ टिकतो. आणि मोठ्या आवाजातला खर्ज तर कानांआधी छातीत आणि लाकडात उतरतो. दादाला व्हायोलिन पोचत नव्हतं, पण झाकीरभाईंचा डग्गा पोचत होता. खुर्चीच्या दांड्यातून, छातीच्या पिंजऱ्यातून. आणि ताल समोर दिसत होता.

पुढे तालवाद्यांची झटापट सुरू झाली. झाकीरभाई आणि सेल्वागणेश समोरासमोर. खंजिरी म्हणजे तळहाताएवढी गोष्ट, चौकटीला एक झांज. पण तिच्या चामड्याला पाणी लावून, बोटांनी दाबून त्यातून डग्ग्यासारखी मींड काढतात. एकानं बोल टाकायचा, दुसऱ्यानं तोच परत द्यायचा, वर थोडं व्याज लावून. मधूनच नुसत्या तोंडानं. 'तक धिमि तक जुणु' अशी कोन्नकोलची फैर सुरू झाली की सगळं प्रेक्षागृह हसत सुटायचं, कारण ती दोन शहाण्या पोरांची चढाओढच असते.

मी आपला धा धिं धिं धा वर वाढलेला. सोळा मात्रांत मला कुणी हरवू शकत नाही, असा माझा समज. पण त्यांनी साताच्या हिशेबातलं काहीतरी धरलं असावं. दोन आवर्तनांत माझी सम हरवली. मी बोटं मोजतोय, चुकतोय, पुन्हा मोजतोय. कान शाबूत असून मी त्या गर्दीत चुकलेल्या पोरासारखा झालो.

तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर थाप पडली. दादाची. एक आवर्तन गेलं, पुन्हा थाप. बरोबर समेवर. त्याची नजर मामींच्या हातावर आणि त्याचा हात माझ्या गुडघ्यावर. लहानपणी तबल्याच्या क्लासात मी चुकलो की तो असाच, गुरुजींना दिसणार नाही असा, माझ्या गुडघ्यावर सम द्यायचा. पंचावन्न वर्षांनी त्यानं ती पुन्हा दिली आणि या वेळी त्याला ऐकूही येत नव्हतं.

मग तिहाई आली. तोच तुकडा तीनदा म्हणून तिसऱ्याचा शेवट समेवर टाकायचा. आपल्याकडची तिहाई, इकडचं कोरवै. पहिला, दुसरा. मी मंचाकडे पाहणं सोडून दिलं आणि आजूबाजूला पाहिलं. विभूतीवाले आजोबा, मामी, टी-शर्टवाली पोरं, सगळ्यांचे हात वर गेलेले. तिसऱ्याच्या शेवटाला ते सगळे हात एकदम खाली आले. पिकातून जाणाऱ्या लाटेसारखे. दादाचाही हात त्यांच्याबरोबरच आला, ना क्षणभर आधी, ना क्षणभर नंतर.

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. काही बोलला नाही. डोळे मात्र भरलेले होते. वहिनींनी त्याचा मफलर उगाचच नीट केला.

दुसऱ्या दिवशीची कॉफी

परतताना टॅक्सीत त्यानं यंत्र पुन्हा कानात घातलं आणि पहिला प्रश्न विचारला, "झाकीरचा डग्गा ऐकलास?"

"ऐकला की."

"नाही ऐकलास. तू मोजत बसला होतास." आणि तो जो हसत सुटला तो घर येईपर्यंत.

सकाळी आम्ही बसवनगुडीला गांधी बाजारातल्या 'विद्यार्थी भवन'मध्ये गेलो. १९४३ पासूनची ही जागा. जाड, खरपूस, लोण्यात भाजलेला मसाला डोसा आणि पाठोपाठ फिल्टर कॉफी. रांग लावायची तयारी ठेवा आणि शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी बंद असतं. वाढप्याच्या हातावर एकावर एक रचलेल्या डोशांच्या ताटल्या पाहून दादा म्हणाला, "याचाही ताल पक्का आहे."

तिथल्या गोंगाटात त्याला काहीच कळत नव्हतं. तरी तो एकटा बोलत राहिला. वडिलांविषयी, त्या तबकडीविषयी, मांडवातल्या आजोबांविषयी. गेल्या कित्येक वर्षांत तो इतका बोलला नव्हता. ऐकू येत नाही म्हणून आपण माणसाशी बोलणं कमी करतो, त्याला कार्यक्रमाला नेणं बंद करतो, आणि मग तोच अबोल झाला असं म्हणतो. हे आमच्याही घरात झालं होतं. वहिनींनी हट्ट धरला नसता तर दादा त्या रात्री घरीच बसला असता आणि आम्ही 'बरं झालं, त्रास वाचला' असं म्हणून आलो असतो. तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्याचंही तिकीट काढा. त्याला काय आणि कसं पोचेल, हे आपण आधीच ठरवू नये.

त्याच महिन्यात झाकीरभाईंना पद्मविभूषण जाहीर झालं. जूनमध्ये 'शक्ती'ची 'धिस मोमेंट' ही नवी ध्वनिफीत निघाली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिला ग्रॅमी मिळालं. पुतण्यानंच ती बातमी दादाला मोबाइलवर दाखवली. आता तो 'बाबांना काय कळणार' असं म्हणत नाही.

आणि मग १५ डिसेंबर २०२४. झाकीरभाई सॅन फ्रान्सिस्कोला गेले, त्र्याहत्तराव्या वर्षी. दादाच्याच वयाचे.

साध्या फोनवर बोलणं त्याला जमत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी व्हिडिओ कॉल केला. तो दिवाणावर बसला होता. मी काही म्हणणार, एवढ्यात त्यानं हात वर करून मला थांबवलं आणि कानातलं यंत्र काढून बाजूला ठेवलं. मग मांडीवर ताल धरला. टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट. मीही इकडे मिरजेला ओसरीवर माझा तीनताल धरला. त्याचे आठ, माझे सोळा. त्याची दोन आवर्तनं झाली की माझं एक पुरं होई आणि दोघांचे हात एकदम खाली येत.

पाच-सात वेळा तसं झालं असेल. मग वहिनींनी त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि त्यानं यंत्र पुन्हा कानात घातलं.